फलक रंगवताना, पारोळा

यादी सरांनी दिली. सोनेरी रंगाची डबी एकच.
न्यायाधीश भास्कर ओंकार कासार.
लंडनला हाडं सांधणारा बडगुजर,
त्याच्या 'डॉ.'चं टिंब ओघळलं, दोनदा पुसलं.
कर्नल निंबा वाणी.
मग नुसताच उखर्डू शिंपी,
हुद्दा नाही.

"सर, हा तर नापास ना?"
"तीनदा. पण कर्नलनं कळवलंय,
उखर्डू नसेल तर मलाही पुसा.
भूमिती त्यानंच शिकवली,
गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं."

"मग पुढं काय लिहू?"
सर चष्मा पुसत राहिले.
"स्टँडसमोर पंक्चर काढतो. जा, विचार त्यालाच."

परवा माझीच काढली होती त्यानं.
पैसे पुढं केले तर म्हणाला, "राहू दे भो,"
आणि चाक फिरवत बसला बराच वेळ,
आरे मोजल्यासारखा.