दुसरी नळी

वाडीच्या धर्मकाट्यामागे, मे महिन्यात, सकाळी नऊला
पत्र्याचं शेड आधीच तापलेलं.
आमची गाडी जॅकवर. परवापर्यंत शाळेची बस होती,
पांढऱ्या रंगाखालून अजून पिवळा डोकावतो
आणि मागच्या खिडकीशी कुणीतरी कर्कटकानं कोरलंय,
‘मोहिनी टीचर खडूस’.
ते मी पुसू दिलं नाही.

आत आता ओटा आहे, दोन बर्नर, एक पलंग,
पलंगाखाली डावीकडे पाण्याची टाकी,
आणि सिंक एवढंसं
की कढई तिरपी करून धुवावी लागते.

यांना सायलेन्सर दोन हवे होते.
मागून दिसतील असे, दोन्ही बाजूंना, चकचकीत,
लग्नात जावयाचे बूट असतात तसे.
छत्तीस वर्षं उमरेडला, कोळसा खाणीच्या हजेरीबुकात
सही केली या माणसानं,
सहीचासुद्धा आवाज केला नाही.
‘आता जरा होऊ दे,’ म्हणाले.

हंसराज नंदेश्वर गाडीखाली आडवा.
आम्हाला दिसत होते त्याचे पाय
आणि एकाच पायात चप्पल.
तिथूनच बोलला:
‘साहेब, इंजिन चार सिलिंडरचं, एका रांगेतलं.
चारही जण एकाच दारातून बाहेर येऊन राहिले,
तुम्ही दोन दारं काऊन करता?
दोन रांगांचं असतं तं गोष्ट येगळी होती,
एकेका रांगेले एकेक नळी, शोभली असती.
इथं तं एकच धूर, तो अर्धा अर्धा वाटाचा.
मंग त्याच्यात दम राहते का?
नाकाचंच पाहा ना. भोकं दोन,
पण एका टायमाले चालते एकच.’

हे नाकाखाली बोट धरून तपासत बसले.
उजवी बंद होती.

मग पाय माझ्याकडे वळले:
‘अन् बाई, दुसरी नळी डावीकडूनच जाईन,
तुमच्या टाकीच्या पोटाखालून.
रामटेकले पोचेपर्यंत चहाचं पाणी आपोआप.’

मी टाकीची बाजू घेतली.
एवढं सरळ भांडण आमचं कधी झालं नव्हतं,
ज्याचं होतं फक्त त्याचंच.
त्यात नणंद आली नाही, नागपूरचा प्लॉट आला नाही.

हे बोलायचे थांबले. डिक्की उघडली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
दुसरी नळी.
कॉटन मार्केटकडून आणलेली, पावती नाही.
वर्तमानपत्र फेब्रुवारीचं.

हंसराज बाहेर आला. दुसरी चप्पल शोधली, सापडली नाही.
नळी उन्हात धरली, एक डोळा मिटून
तिच्यातून आधी आभाळ पाहिलं, मग यांच्याकडे.
म्हणाला, ‘लावून देतो. जोडत नाही.’

एक नळी उजवीकडून, सरळ, रबराच्या टांगणीवर,
गॅसच्या सिलिंडरपासून चांगली लांब.
दुसरी डावीकडे, बंपरला वेल्डिंगचे दोन टाके,
मागे रस्ता नाही, कशालाच न जोडलेली.

‘मागच्या गाडीवाल्याले कळते का?’
‘नाही कळत.’
‘मंग झालं.’

ऑक्टोबरात देवलापारच्या पुढे, सागाच्या सावलीत
चार दिवस गाडी उभी होती.
पाचव्या सकाळी, चावी फिरवायच्या आधी, हे मागे गेले.
रोज जातात. फडक्यानं दोन्ही पुसतात,
डावीला जरा जास्त.
आणि तिथूनच मला हाक मारली, हळू.

नळीच्या तोंडाशी ओल्या मातीचा गोळा, बोराएवढा.
कुंभारमाशी चिखल घेऊन येत होती,
ठेवून परत जात होती.

‘थांबू या का दोन दिवस?’ हे म्हणाले.

मी पलंगाखाली वाकून टाकी पाहिली.
पाऊण होती.