चिखलीची सुनावणी

नोटीस होती साडेदहाची.
साहेब आले सव्वाबाराला.
तोवर ओहोटी टाकून आलेल्या बायकांच्या
पोटऱ्यांवरचा चिखल सुकून
पंचायतीच्या फरशीवर गळू लागला होता.

मी इतिवृत्त लिहिणारा.
ऐकायचे सगळे,
लिहायचे त्यातले मोजके.

भिंतीवर नकाशा. त्यावर लाल रेघ :
पठारावरच्या टाक्यांपासून निघालेली,
रुळांखालून, खाजनातून,
तिसऱ्यांच्या वाळूखालून
थेट समुद्रात साडेचार किलोमीटर,
जिथे जहाज उभे राहील,
पोट भरेल
आणि तोंड फिरवून जाईल.

इंजिनिअर भला माणूस होता.
आत लेप, बाहेर लेप,
दर आठशे मीटरला झडप, म्हणाला.
मागून कुणीतरी विचारले, यातले आमच्या चुलीला किती?
तो म्हणाला, हे निर्यातीचे आहे.
मी लिहिले : निर्यात.
जे इथून जाते, पण इथले नसते,
त्याला हा शब्द बरा आहे.

मग रोझालिना उठली.
सगळ्यांना वाटले, आता ही भांडणार.
ती म्हणाली, घाला तो नळ.
माझा आग्नेल वेर्ण्याच्या उतारावर टँकरखाली गेला,
सायकलची घंटा तेवढी शाबूत मिळाली.
जमिनीखाली कुणाची मुले
सायकल चालवत नाहीत.
आणि बसली.
पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

शाणू उठला. माझा धाकटा भाऊ. वेल्डर.
बार्जी बंद पडल्यापासून
लोकांच्या खिडक्यांना गज लावतो.
म्हणाला, मी जोडलेला सांधा तीस वर्षे गळणार नाही.
एकतिसाव्या वर्षी? कुणीतरी म्हणाले.
शाणू हसला नाही.
एकतिसाव्या वर्षी मी नसेन, म्हणाला,
पण आज घरात पाच माणसे आहेत.

बोस्त्यांव मानशीवरचा म्हातारा.
बांधाची दारे पाण्याच्या कलाने
उघडमीट होताना पाहण्यात जन्म गेला त्याचा.
त्याने एवढेच विचारले :
अष्टमीचे पाणी वेगळे, अवसेचे वेगळे,
तुमचे तेल कुठल्या तिथीला येईल ते सांगा,
आधीच दार लावून ठेवतो.
लोक हसले. साहेबही हसले.
हशा इतिवृत्तात घेत नाहीत.

शेवटी शेवंती.
ओच्यातून काढून तिने टेबलावर ठेवला
डांबराचा गोळा, लिंबाएवढा,
वाळू आणि शिंपल्याची कपची चिकटलेला.
म्हणाली, नळ नसतानाचा हा.
कुठल्या जहाजाचा, कुणी सांगत नाही.
दर मे महिन्यात येतो.
आता घरचाच येणार,
निदान नाव तरी कळेल.

उन्हाने गोळा हळूहळू बसत गेला
माझ्या कागदावर.

संध्याकाळी मी नक्कल काढली :
बाजूने अकरा. विरोधात सेहेचाळीस.
काही ग्रामस्थांनी शंका उपस्थित केल्या,
त्यांचे निरसन करण्यात आले.
सातही प्रतींवर तोच काळा डाग उमटला,
बरोबर 'निरसन' शब्दावर.
साहेबांनी विचारले, हे काय?
मी म्हटले, शाई सांडली.

रात्री शाणूचा अर्ज भरायला बसलो.
अनुभव : चौदा वर्षे. पद : पाइप वेल्डर.
माझ्या बोटांचे ठसे
त्याच्या फोटोच्या कडेला लागत होते.
साबणाने निघेना, राखेने निघेना.
वहिनी आतून बाटली घेऊन आली.
डांबर आहे ते, म्हणाली,
रॉकेलशिवाय सुटायचे नाही.