एक काना

ओलोमोउत्सच्या चौकात सकाळपासून दोन घोळके.
एकाच्या हातात कागदी झेंडे,
दुसऱ्याच्या हातात माणसांचे फोटो, प्लास्टिकच्या पिशव्यांत,
कारण बर्फ ओला पडत होता.
मधे पोलिसांचे घोडे, वाफाळलेले.
कुलगुरू व्होंद्राचेक रेडिओवर म्हणाले,
ऐकून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे.
खरंय.
पण सगळ्यांच्या आधी ऐकायचं होतं मला.

सभागृहाच्या मागे काचेची खोली, दोन खुर्च्या,
खोकल्याच्या गोळ्या.
ओताकार आणि मी, वीस-वीस मिनिटांची पाळी.
दुभाष्याचा नियम एकच : बोलणारा ‘मी’ म्हणाला
की आपणही ‘मी’ म्हणायचं.

ही भाषा मला शिकवली स्टेशनामागे बूट शिवणाऱ्या यारमातने.
टाच ठोकता ठोकता क्रियापदं घोकून घ्यायचा.
जर्दाळूचा शब्द जमेना
तर तळहातावर एक सुकं जर्दाळू ठेवलं,
म्हणाला, आधी चाव, मग म्हण.
आज तोही चौकात होता.
भावाचा फोटो त्याच्याकडे उरलेला नाही,
म्हणून पुठ्ठ्यावर नुसती तारीख.

राष्ट्राध्यक्ष मिश्कील निघाले.
आईच्या बागेतल्या जर्दाळूंवर बोलले,
तोच शब्द, तितकाच मऊ.
आणि मी ती बाग चेकमध्ये छान उभी केली,
फांदी न फांदी.
लोक हसले. माझ्यामुळे हसले.

मग गॅलरीतून एक मुलगी उठली.
कागद थरथरत होता, तिने तारीख वाचली.
त्या दिवशी आपण कुठे होतात?
ते पाणी प्यायले. सावकाश.
म्हणाले, मी तिथे नव्हतो.

आणि माझ्या तोंडून गेलं,
मी तिथे नव्हते.

एक काना गळला, एवढंच.
तीनशे जणांच्या कानांत एका बाईचं वाक्य गेलं,
आणि ते खरं होतं :
मी अकरा वर्षांची होते, धरणावर पोहायला शिकत होते.
ओताकारने मान वळवली.
मी बटण दाबून खोकले,
आणि दुरुस्त केलं. नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पेपरांत
बोलवायला हवं होतं की नको, यावर चार पानं.
कान्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

संध्याकाळी बूट घेऊन यारमातकडे गेले.
त्याने विचारलं, उच्चार कसे आहेत रे त्याचे, पोरी?
म्हटलं, शुद्ध. तुझ्यासारखे.

तो बराच वेळ
एकाच खिळ्यावर ठोकत राहिला.