आधी धाडलेली

दुपारचे तीन. मोकोलाच्या हॉलमध्ये अजून खुर्च्याच उतरतायत.
मी कोपरा मागून घेतला, सॉकेटजवळचा,
पण सॉकेटवर विसंबून नाही.
इबादानमध्ये वीज पाहुणी, आली की लोक ओरडून स्वागत करतात.
फ्लॅशला माझी बॅटरी बांधून आणलीय.

ट्रायपॉडच्या पायांशी वाळूच्या पिशव्या :
पोरं धावणार, एखादा काका नाचत नाचत मागे येणार.
हे मागच्या लग्नात शिकलो. फी, एक लेन्स.

पांढऱ्या पडद्यासमोर सिमिसोलाला उभं केलं,
मामेबहीण, चौदा वर्षांची, वैतागलेली.
कॅमेरा ऑटोवर. पहिला फोटो :
पडदा झकास, आणि सिमिसोलाचे फक्त दात.
"ही मी?"
कॅमेऱ्याला वाटतं जग राखेच्या रंगाचं असावं.
पांढरं फार दिसलं की तो डोळे बारीक करतो
आणि उरलेला अंधार माणसाच्या तोंडावर ढकलतो.
कारखान्यात त्याला आमच्या घरचं कुणी भेटलं नसणार.

ऑटो बंद. ॲपर्चर आठ, शटर एकशेपंचवीस,
फ्लॅशची छत्री हातभर डावीकडे.
आता गालाला गाल आला.

मग रंग. साठ घरांनी एकाच गठ्ठ्यातून
कांद्याच्या सालीचं कापड शिवलंय;
फोटोत ते गुलाबी आलं तर माझी खैर नाही.
कोरा कागद धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवलं.
वर वीतभर जागा सोडली, बायकांच्या डोक्यावर
कडक घड्यांचं उंच कापड असतं,
गेले म्हणतात त्याला. ते कापलं तर माणूसच कापलं.
जमिनीवर टेपची फुली. फोकसच्या रिंगवर टेप.
आता कशालाच हलायची मुभा नाही.

आणि केहिंदे आजी आली. आज तिची सत्तरी,
सकाळपासून नटून बसलेली.
"गर्दी व्हायच्या आत एक काढ."
स्टुलावर बसली, फुलीच्या डावीकडे. काढला.
उठली. स्टूल स्वतःच उचलून उजवीकडे ठेवलं.
"आता तिचा."

मला सांगावं लागलं नाही.
आमच्यात जुळ्यांतली पहिली जन्मते ती धाकटी :
थोरली आत थांबते, धाकटीला पुढे धाडते,
जा, जग चाखून बघ, बरं असलं तर ओरडून सांग.
ताइवो ओरडली. केहिंदे मागोमाग आली.
नवव्या वर्षी ताइवो पुन्हा पुढे गेली.
या खेपेला काही कळवलं नाही.

"तेव्हाही फोटोवाल्यानं मला दोनदा बसवलं होतं,"
आजी म्हणाली, "फ्रॉक एकच होता."
मग तिने गेले थोडं तिरकं केलं,
हनुवटी वर घेतली
आणि हसली, जरा आगाऊ, कुणाची तरी लाडकी असल्यासारखी.
हे हसू मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली. हॉल काळा, पंखे मंदावले,
बाहेर कुणीतरी जनरेटरला शिव्या घालू लागलं.
मी बटण दाबलं.
फ्लॅश माझा होता.

नंतर लॅपटॉपवर दोन्ही अर्ध्या जोडल्या.
जोड शोधून सापडेना. उजेड तोच, पडदा तोच, जमिनीवरची फुली मधोमध.
फक्त एक म्हातारी दुसरीपेक्षा आनंदी.

प्रिंटर हॉलच्या विजेवर. कागद एकदा बाहेर आला
नुसता पिवळा, आणि तिथेच थांबला.
आजी हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिली,
घाई नव्हती. दारात पहिल्या गाड्या लागत होत्या.

सिमिसोलाने कार्ड तपासलं :
"तो पहिला पुसू का? माझा, दातांचा?"
राहू दे, म्हटलं.
त्याच्याशिवाय कळलं नसतं इथे उजेड किती आहे.