काचेभोवतीचा कागद

शहापूरच्या पेठेत काकांचा, नागशेट पोतदारांचा,
एक काळा दगड होता.
रुपया त्यावर टाकायचा. डोळे मिटायचे.
नाद सांगायचा: घे.
किंवा, फेक.

टांकसाळीनं चांदीला दार लावलं, त्याचं तिसरं वर्ष.
बैलहोंगलाहून बसलिंगव्वा आली
कापसाच्या गाडीमागून चालत, पदरात तोडे,
लग्नात चाळीस रुपये आटवून केलेले.
तराजू सरळ राहिला. चाळीस तोळे.
"तीस रुपये," काका म्हणाले, मान वर न करता.
"बेळ्ळी अल्लेनु?"
चांदी नव्हं का ही?
काका कानडीत भांडायचे, शिव्याही कानडीत द्यायचे.
त्या दिवशी त्यांना कानडी येईना.
मराठीही.

मग मिशन शाळेच्या दानिएल मास्तरांनी दिव्याची काच आणली, अमेरिकेची.
भोवतीचा चुरगळलेला कागद मांडीवर सपाट केला
आणि वाचू लागले.
तिकडचे शेतकरी म्हणे घोडे जुंपून कोसन् कोस सभेला येतात,
मक्याला भाव नाही म्हणून मकाच चुलीत घालतात,
आणि ओरडतात: चांदी घ्या, नाणं पाडा,
सोळा भार चांदी, एक भार सोनं.

"सोळा?" काकांनी डोळे उघडले.
"सोळा."
"म्हणजे त्यांचाही हिशेब आण्यांचाच की!"
तसं नव्हे, मास्तर समजावू लागले,
पण काका ऐकायच्या पलीकडे गेले होते.
जन्मात न पाहिलेली माणसं
त्यांच्या बाजूनं उभी होती.

पुढे महिनाभर, जो मोड घेऊन येई त्याला सांगत,
"थोडं थांबा. तिकडं मतं पडायची आहेत."

कागद ऑगस्टचा होता.
आम्ही वाचला संक्रांतीला.
मतं पडून गेली होती, चांदी हरली होती.
मास्तरांना ते ठाऊक होतं,
हे मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात एक रुपया आला. नाद लख्ख.
काका म्हणाले, घे.
फौजदार म्हणाला, खोटा. कुणीतरी घरात पाडलेला,
उत्तम चांदीचा, कारण चांदी आता रुपयापेक्षा स्वस्त.
काकांनी तो पुन्हा टाकला. पुन्हा टाकला.
चांदी सोळा आणे खरी होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं
तेव्हा दगडावर रुमाल अंथरलेला होता,
आणि त्यावर काका पानाचा डबा ठेवत होते.