काटा धरणाऱ्याची होडी

कारिलच्या खाडीत पाणी
बंदरापेक्षा सव्वीस मिनिटं उशिरा उतरतं.
हे समुद्राला माहीत आहे,
सबेलामावशीच्या गुडघ्यांना माहीत आहे,
आणि तीन हिवाळे खपून मी बनवलेल्या
एका छोट्याशा अ‍ॅपला.

दुकानात शोधलं: भरती-ओहोटी, कारिल.
सगळ्यात वर कंपनीचं स्वतःचं हवामान,
सबंध किनाऱ्याला एकच घड्याळ.
मग एक जाहिरात.
मग लाटांवर उड्या मारणाऱ्या माकडाचा खेळ.
मग चंद्र, मग झोपेची गाणी, मग परत चंद्र.
चौदावी मी.
अंगठ्याने पाच वेळा ढकलावं लागतं,
आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायकांचे अंगठे
पहाटे ओले असतात.

पत्र लिहिलं. उत्तर नवव्या दिवशी आलं,
अतिशय गोड:
क्रम अनेक बाबींवरून आपोआप ठरतो,
आमचं-तुमचं असा भेद त्यात नाही.
आपोआप.
जसं दूध आपोआप उतू जातं,
शेगडी कुणी पेटवलेलीच नव्हती जणू.

मावशी हसली.
म्हणाली, लिलावाच्या शेडमध्ये आमच्या वेळी
एकच नियम होता, भिंतीवरसुद्धा लिहिलेला नव्हता:
ज्याच्या हाती काटा, त्याची होडी नको.
मिंगोस काटा धरायचा.
मेव्हण्याच्या होडीत त्याने पैसे घातले,
त्या दिवशी काटा स्वतःहून खाली ठेवला
आणि बर्फ फोडायला लागला.
इतका प्रामाणिक होता?
काय ठाऊक, ती म्हणाली,
तपासायची वेळ त्याने आणली नाही.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.
पण माझ्या अ‍ॅपमध्ये तळाशी एक पान आहे,
'या खाडीसाठी आणखी सोयी',
चांगुलपणा म्हणून केलेलं.
माझं नाव आहे त्यात, आणि ब्रेशोचं,
पलीकडच्या काम्बादोसचा पोरगा,
वाऱ्याचा अंदाज माझ्याहून बरा देतो.
अकारविल्हे लावलं, तर त्याचं नाव आधी आलं.
गावांवरून लावलं, तरी त्याचंच गाव आधी.
मग लावलं जुन्याकडून नव्याकडे.
मी अकरा महिन्यांनी जुनी.
बसली यादी.

नियम सरळ होता. काट्यात खोट नव्हती.
फक्त तीन काटे समोर ठेवून
मी तो उचलला,
ज्यात माप माझ्याकडे झुकतं.
आणि माझ्याकडे तर एकच पान,
वापरणाऱ्या चारशे बारा बायका.
ज्यांच्याकडे अख्खी भिंत आहे,
दार आहे, दाराची कडी आहे,
त्यांच्या हाताला किती काटे लागत असतील
आपोआप.

रात्री पानाच्या डोक्यावर एक ओळ टाकली:
ही यादी मी लावली आहे. पहिलं नाव माझंच आहे.
क्रम बदलला नाही.
तेवढी मी मोठी नाही.

पहाटे मावशीने ती ओळ वाचली
चष्मा कपाळावर ढकलून.
काही बोलली नाही.
वाऱ्याचं बघायला मात्र तिने ब्रेशोचंच उघडलं,
मग फोन खिशात कोंबून बादली उचलली.

कंपनीच्या घड्याळात वाळू केव्हाच उघडी पडली होती.
पाणी अजून
तिच्या मांडीपर्यंत होतं.