नगण्य

दुधाची पिशवी ठिबकते का बघतात
तसं आम्ही ते दिव्यासमोर धरून बघितलं होतं.
ठिबकत नव्हतं.
मग त्याने गाठ मारली, कागदात गुंडाळलं,
आणि मी शेवटच्या बसने घरी आले,
वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर.
हंबरवरून येणारा वारा काचेवर आपटत होता
आणि मी एकटीच हसत होते.

हसू तीन दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी घसा धरला.
पाचव्या दिवशी तोंड आलं.
(चहा गरम होता. पण चहा रोजच गरम असतो.)
सहाव्या दिवशी जांघेत काहीतरी लागलं हाताला,
मग इतक्यांदा चाचपलं
की चाचपल्यानेच दुखायला लागलं.

दिवसभर मी लोकांचे डोळे तपासते.
पहिलं स्पष्ट, की दुसरं?
आता? पहिलं, की दुसरं?
लोक बिचारे घाबरतात, उत्तर चुकेल म्हणून.
मी सांगते, यात चूक-बरोबर काही नसतं.
आणि घरी येऊन आरशात जीभ काढते:
कालची जास्त पांढरी, की आजची?

हेल्पलाइनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
फाटलं होतं? नाही.
निसटलं? नाही.
शेवटपर्यंत होतं? हो, हो.
मग लव्ह, धोका अगदी...
त्यांनी वापरलेला शब्द मी मनात मराठीत आणला:
नगण्य.
मोजायच्या लायकीचा नाही असा.
आणि मी तर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीने फुल्या मारत होते.
इथे हलमध्ये लव्ह सगळेच म्हणतात,
बसवाला, मासेवाली, गॅसचं मीटर बघायला येणारा पोरगा.
तरी फोन ठेवल्यावर रडले.

दिवस मोजायला आम्हाला कुणी शिकवायला नको.
दहा दिवस सुतक, बाराव्याला बारसं,
सव्वा महिना बाळंतिणीचा.
हे पंचेचाळीस कुठल्या पंचांगातले?
कुणी मेलं नाही, कुणी जन्मलं नाही,
अकरा वर्षांनी कुणीतरी
माझ्या मानेवरचे केस बाजूला केले,
एवढंच तर झालं.
मग आत कोण बसलंय हे
पावतीपुस्तक घेऊन?

तपासणीचा संच पोस्टाने आला, साध्या खोक्यात.
सोबत फॉर्म. गेल्या तीन महिन्यांत जोडीदार किती?
एक.
गेल्या वर्षभरात?
एक.
त्याच्या आधीचं त्यांनी विचारलं नाही,
मीच समासात लिहिणार होते.

बोट टोचलं. रक्त येईना.
सूचनेप्रमाणे उभी राहिले, हात गरम पाण्यात बुडवला,
खाली सोडला, झुलवला.
नळीवरच्या रेघेपर्यंत भरायचं होतं.
एक थेंब. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग एक.
माझंच रक्त माझ्याशी
इतकं अडून कधी बसलं नव्हतं.

निकाल आला तेव्हा खोलीत अंधार होता,
मिस्टर ऑटबींची हनुवटी यंत्रावर टेकलेली.
खिशात फोन थरथरला. गुडघ्याआड धरून वाचला.
सगळं निगेटिव्ह.
मी विचारलं, पहिलं, की दुसरं?
ते म्हणाले, दोन्ही सारखीच दिसतायत.

भीती गेली तेव्हा तिच्या जागेचा आकार कळला.
तिथे ती रात्र असायला हवी होती.
शोधली. पण इतके दिवस मी तिचा
फक्त पंचनामा जपला होता,
फाटलं नव्हतं, निसटलं नव्हतं.
बाकी काही केल्या आठवेना.

घरी चालत जाताना आठवलं.
दिव्याखाली आम्ही दोघं,
पन्नाशीच्या अल्याड-पल्याडचे,
अंगावर चष्म्यांखेरीज काही नाही,
आणि कीथ डोळे बारीक करकरून
ते इवलंसं न्याहाळतोय.

त्याचा नंबर वाढलाय.

त्याचे तीन मेसेज तसेच पडलेत,
शेवटचा माझ्या राहिलेल्या मफलरबद्दल.
लिहिलं:
मफलर असू दे तुझ्याकडेच.
शनिवारी दुकानात ये,
डोळे तपासून देते.